चार चौकटींचं मराठी कॉमिक: नागपुरातल्या नवख्यांसाठी पहिल्यापासून

मोबाइलवर वाचायचं छोटं कॉमिक करायला चित्रकला पक्की हवी, हा समज आधी बाजूला ठेवा. काडीचे हातपाय आणि दोन ठिपक्यांचे डोळे असलेली माणसं वाचक आनंदाने वाचतो. वाचता न येणारं अक्षर आणि कोणीच बोलत नाही अशी भाषा मात्र तो खपवून घेत नाही. त्याचा अंगठा लगेच पुढे सरकतो. म्हणून या लेखात मी चित्रापेक्षा संवादाला आणि अक्षराला जास्त जागा देणार आहे. मराठीत नव्याने कॉमिक करणारे बहुतेक जण हेच दोन टप्पे घाईत उरकतात, आणि चांगली कल्पना वाया जाते.

आपला वाचक कोण, तेही आधी ठरवून टाकू. तो सीताबर्डीला मेट्रो बदलताना, तर्री पोह्याची प्लेट हातात येईपर्यंत किंवा दवाखान्यात नंबर लागेपर्यंत फोन बघतोय. त्याला तुमच्या पात्रांची नावं माहीत नाहीत, मागचा भाग त्याने वाचलेला नाही. म्हणून सुरुवातीला क्रमशः कथा नकोच. चार चौकटींत सुरू होऊन चार चौकटींत संपेल असंच करा.

विषय पकडणं

एका नजरेत कळणारं व्यंग म्हणजे काय, हे नागपूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. महागाई, खड्डे, एखादा गाजलेला घोटाळा, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे असेल त्याचा पुतळा आणि त्यावर पाटी: अमुकतमुक घेऊन जा गे मारबत. गर्दीत उभ्या माणसासमोरून तो बडग्या पुढे जाईपर्यंतच काय तो वेळ. तेवढ्यात त्याला विषय कळतो आणि हसूही येतं. पुढच्या वेळी मिरवणूक बघाल तेव्हा मुद्दाम लक्ष द्या: एका बडग्यावर एकच विषय असतो, आकृती ठळक असते आणि पाटीवरचे शब्द मोजके असतात.

कॉमिकचा विषयही एका वाक्यात सांगता आला पाहिजे. कोणाला काय हवंय आणि कशामुळे अडतंय, एवढंच. «मुलाला कुलरची हवा हवी, पण पाणी टाकायला उठायचं नाही.» झालं. «नागपूरचा उन्हाळा» हा विषय नाही, तो मथळा आहे. फोनमध्ये एक टिपण उघडून ठेवा आणि दिवसभरात कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं त्यात टाका. तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल सजवताना आजोबाच जास्त रंगलेत, पाहुण्याला दिलेली संत्रा बर्फी फिरून पुन्हा आपल्याच घरी आली, लग्नाच्या हॉलमध्ये कुलरसमोरच्या खुर्च्या आधीच रुमाल टाकून धरलेल्या आहेत. असे विषय आपल्याकडे पडलेले आहेत. सावजी खाऊन घाम फुटलेला पुणेकर मात्र आता पुरे. ते इतक्या वेळा झालंय की पहिल्या चौकटीतच शेवट कळतो.

संवाद लिहा, मग छाटा

चित्राला हात लावण्याआधी चारही चौकटींचे शब्द लिहून काढा. चार चौकटींचा साचा जपानमध्ये फार मुरलेला आहे. त्याला योनकोमा म्हणतात. पहिल्या चौकटीत प्रसंग मांडायचा, दुसरीत तो पुढे न्यायचा, तिसरीत वळण द्यायचं, चौथीत निकाल लावायचा. नवशिक्याला यापेक्षा सोयीचा साचा मला तरी माहीत नाही.

कुलरचाच प्रसंग घेऊ. पहिला खर्डा साधारण असा उतरतो:

आई: «अरे, कुलरमधलं पाणी संपलेलं आहे, तू उठून पाणी टाकशील का?»
मुलगा: «हो आई, मी आत्ता पाणी टाकतो आहे.»
आई: «किती वेळ झाला, तू अजूनही पाणी टाकलेलं नाहीस.»
आई: «आता मी पाणी टाकलं, म्हणून मीच कुलरसमोर बसणार!»

गोष्ट पूर्ण आहे, पण नागपुरातली कोणतीही आई असं बोलत नाही. शिवाय चित्रात जे दिसणारच आहे ते शब्दांनी पुन्हा सांगितलंय. कुलर रिकामा आहे हे कुलर सांगेल, वेळ गेला हे दुसरी चौकट सांगेल. आता हेच मोठ्याने बोलून पाहू आणि तोंडात जसं येतं तसं लिहू:

पहिली चौकट. मुलगा पलंगावर आडवा, मोबाइल तोंडावर धरलेला. चौकटीबाहेरून आईचा आवाज: «बाबू, कुलरमध्ये पाणी टाक!» मुलगा: «टाकून राहिलो ना!»
दुसरी चौकट. तेच चित्र, तीच पोझ. फक्त कुलरच्या बाजूला कोरडी «घर्रर्र».
तिसरी चौकट. दारात आई, हातात भरलेली बादली. «टाकून राहिला का झोपून राहिला?»
चौथी चौकट. शब्द नाहीत. कुलरला अगदी चिकटून खुर्ची, खुर्चीत आई, पदर उडतोय. मागे पलंगावर घामाने भिजलेला मुलगा. रिकामी बादली बाजूला.

शेवटच्या चौकटीतले शब्द पूर्ण काढून टाकले, आणि गंमत तिथेच आली. «मीच बसणार» हे आईने बोलून दाखवलं असतं तर वाचकाला शोधायला काहीच उरलं नसतं. खर्डा झाला की चौथ्या चौकटीतला संवाद बोटाने झाकून बघा. तरीही गोष्ट कळत असेल तर तो काढाच.

दुसरी गोष्ट, «टाकून राहिलो». हा प्रयोग आपल्याकडे रोज कानावर पडतो आणि इथे तोच विनोदाचा कणा आहे. पडून राहून «टाकून राहिलो» म्हणणारा मुलगा एका क्रियापदात उभा राहतो. छापील मराठीत हेच «टाकतो आहे» केलं की वाक्य शुद्ध राहतं आणि मुलगा गायब होतो. काहून, बे, पोट्टे, करून राहिला हे शब्द संवादाच्या फुग्यात बिनधास्त येऊ द्या. एवढंच पाहा की ते त्या माणसाच्या तोंडी शोभतात. धरमपेठेतली निवृत्त शिक्षिका आणि कॉटन मार्केटमधला हमाल एकच बोली एकाच ढंगात बोलणार नाहीत. आणि बोली हाच विनोद करू नका. «बे» ऐकून हसणारा वाचक एकदाच हसतो.

कागदावर आराखडा

आता वहीच्या पानावर काडेपेटीएवढ्या चार चौकटी आखा आणि गोळे-रेघांनी माणसं मांडा. फुगे आधी, माणसं नंतर. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो, त्यामुळे जो आधी बोलतो त्याचा फुगा वर आणि डावीकडे. आपल्या पहिल्या चौकटीत आईचा फुगा वर डाव्या कोपऱ्यात, त्याचं शेपूट चौकटीबाहेर, आणि मुलाचा फुगा खाली उजवीकडे. हा क्रम चुकला तर उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न नंतर. असा आराखडा करायला थोडाच वेळ लागतो. एकाच प्रसंगाचे दोन-तीन आराखडे करून घरातल्या कोणाला तरी दाखवा. समजावून सांगायची पाळी आली तर तो आराखडा बदला.

चौकटीचं माप

इथे थोडा हिशेब आहे, पण एकदाच करायचा आहे. प्रत्येक चौकट चौरस ठेवा आणि २१६० × २१६० पिक्सेलवर काढा. चौरसाचा फायदा असा की त्याच चार चौकटी तीन प्रकारे वापरता येतात. इन्स्टाग्रामवर एकामागे एक सरकवायच्या चार पानांसारख्या, तिथे १०८० × १०८० पुरतं. व्हॉट्सॲपवर पाठवायला दोनावर दोन रचून एकच चित्र. आणि उभ्या पट्टीत एकाखाली एक.

ही उभी पट्टी म्हणजे वेबटून. हा प्रकार कोरियातून आला. तिथल्या नेव्हर कंपनीची वेबटून सेवा २००४ पासून आहे. वेबटूनवर स्वतः चढवायचं असेल तर चित्राची रुंदी ८०० पिक्सेल ठेवावी लागते. उभ्या पट्टीत दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. आपल्या कॉमिकमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत जास्त अंतर सोडलं तर मुलगा किती वेळ पडून राहिला ते अंगठ्याला जाणवतं. कागदावर हे जमत नाही, म्हणून हा प्रकार एकदा करून बघाच.

इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये आता २० चित्रं लावता येतात. त्या मोहात पडू नका. आणखी एक काळजी: प्रोफाइलवरच्या जाळीत चित्रं २०२५ पासून उभट दिसतात, त्यामुळे चौरस चित्राच्या दोन्ही बाजू तिथे थोड्या कापल्या जातात. पहिल्या चौकटीतला महत्त्वाचा चेहरा आणि फुगा अगदी कडेला नेऊ नका.

अक्षर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दोनावर दोन रचलेलं चित्र फोनवर साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद दिसतं, म्हणजे एक चौकट सव्वातीन सेंटिमीटरची. तेवढ्यात अक्षर वाचता यायला हवं. २१६० च्या चौकटीत टाइपचा आकार १५० पिक्सेलच्या आसपास ठेवला तर ते जमतं. त्या आकारात एका ओळीत चारेक शब्द बसतात, आणि तीन ओळींच्या वर गेलात तर चित्राला जागा उरत नाही. म्हणजे एका चौकटीत बारा-पंधरा शब्द, ही मर्यादा आपोआप ठरली. «टाकून राहिला का झोपून राहिला?» पाच शब्दांत बसतं.

फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे फोनवर आपण नेहमी मराठी टाइप करतो त्याच पद्धतीचा. डीटीपीवाल्यांकडचे जुने फॉन्ट ड्रॉइंग ॲपमध्ये गोंधळ करतात. गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे चांगले फॉन्ट फुकट मिळतात आणि त्यांचा परवाना छापील कामालाही चालतो. बालू २ गुबगुबीत आणि ठळक आहे, छोट्या पडद्यावर छान वाचला जातो. मुक्ता साधा आणि स्वच्छ. कलम हाताने लिहिल्यासारखा दिसतो, पण त्याचे बारीक जाडीचे प्रकार लहान आकारात पुसट होतात, म्हणून ठळक घ्या. माझी पसंती बालू २ ला.

फॉन्ट पक्का करण्याआधी ॲपमध्ये हे वाक्य टाइप करून बघा: «वऱ्हाडाच्या कोपऱ्यात शाळेतल्या पोट्ट्यांनी ॲपवर ज्ञानेश्वर चितारला, हुश्श!» यात आपल्याला लागणारी बहुतेक अवघड वळणं आहेत. वऱ्हाड आणि कोपऱ्यातला अर्धा र चंद्रकोरीसारखा दिसतोय का? बऱ्याच फॉन्टांत तो तुटतो. ॲपचा ॲ चौकोन होऊन येतो का? ट्ट्य एकमेकांवर चढतात का? ल आणि श बघा: हे दोन्ही हिंदीत वेगळ्या वळणाने लिहितात आणि पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळणच येतं. वाचायला अडत नाही, पण लहानपणापासून बालभारतीत पाहिलेलं अक्षर फुग्यात दिसलं की मराठी वाचकाला ते आपलं वाटतं. पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जात असेल तर दोष ॲपचा आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत असं झालं तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करा. दुसऱ्या ॲपमध्ये जमतच नसेल तर शब्द वेगळीकडे टाइप करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा.

दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात. वरच्या ओळीचा दीर्घ उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकला की दोन्ही वाचता येत नाहीत. टाइपच्या आकाराच्या सव्वापट अंतरापासून सुरुवात करा आणि डोळ्याने ठरवा. ओळ अर्थाला धरून तोडा: «टाकून राहिला / का झोपून राहिला?» «टाकून राहिला का / झोपून» असं तोडलं की सूर बिघडतो. शब्द आधी बसवा आणि मग भोवती फुगा काढा, चारही बाजूंनी निदान एका अक्षराएवढी हवा ठेवून. फुग्याचं शेपूट तोंडाच्या दिशेने असावं, तोंडाला चिकटू नये.

हस्ताक्षर चांगलं असेल तर फॉन्ट लावूच नका. शिरोरेषेसाठी पेन्सिलने फिकट रेघा आखा, त्यावर लिहा. हाताने लिहिलेली «घर्रर्र» कुलरबरोबर थरथरू शकते, फॉन्टमधली थरथरत नाही. निदान आवाज तरी नेहमी हातानेच लिहा.

चित्र

फोनवर काढायचं असेल तर आयबिस पेंट एक्स फुकट मिळतं. जाहिराती येतात, पण लेयर (एकावर एक ठेवायचे चित्राचे थर), हात स्थिर करणारी सोय, चौकटी पाडायचं साधन आणि बाहेरचे फॉन्ट टाकायची सोय सगळं त्यात आहे. लॅपटॉप असेल तर क्रिता पूर्ण फुकट आहे. आयपॅड आधीपासून घरात असेल तर प्रोक्रिएट घ्या; पहिल्या कॉमिकसाठी नवं यंत्र विकत घेऊ नका.

कागदावर काढायचं असेल तर जाड पांढरा कागद आणि पाण्याने न पसरणारं काळं पेन पुरे. फोटो दुपारच्या थेट उन्हात न घेता खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात घ्या, फोन कागदाला समांतर धरून. मग ॲपमध्ये काँट्रास्ट वाढवा, कागद पांढरा आणि रेघ काळी होईपर्यंत.

पात्रं सावलीवरूनही ओळखू यायला हवीत. आई गोल, अंबाडा, पदर. मुलगा लांबडा, विस्कटलेले केस. नाक-डोळे रंगवत बसण्यापेक्षा एवढा फरक जास्त कामाचा. पार्श्वभूमी पहिल्या चौकटीत एकदाच नीट काढा: खिडकीतला कुलर, त्याची ताटी, पलंग, भिंतीवर कॅलेंडर. दुसऱ्या चौकटीत तेच चित्र कॉपी करायचं आहे, तसं करणं इथे कामचुकारपणा नाही. चित्र हललं नाही म्हणूनच मुलगा हलला नाही हे कळतं. तिसऱ्या चौकटीत फक्त दाराची चौकट पुरे.

रंग तीन घ्या. या गोष्टीत भिंतीला उन्हाचा पिवळा, आईच्या साडीला एक गडद रंग, आणि कुलरच्या हवेसाठी फिकट निळा, तोही फक्त चौथ्या चौकटीत. निळा आधी कुठेच दिसला नसल्यामुळे चौथ्या चौकटीत गारवा लगेच डोळ्यांत भरतो आणि तो सगळा आईच्या वाट्याला आलाय हेही दिसतं. छटा-सावल्या नकोत. काम झालं की फोनचा प्रकाश निम्मा करून बाहेर उन्हात जाऊन बघा. आपला वाचक बहुतेक तिथेच असणार आहे.

चित्र एआयकडून काढून घेण्याचा पर्याय आज हाताशी आहे. शिकणाऱ्याने तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात देवनागरी अक्षरं अनेकदा मोडतात, चौकटीगणिक आईचा चेहरा बदलतो, आणि दुसऱ्या चौकटीत काहीच न बदलण्याचा निर्णय घ्यायला तुम्हीच लागता.

लोकांपर्यंत

प्रत्येक चौकटीच्या आत, चित्रातच कुठेतरी लहान सही करा. कडेला केली तर कोणीतरी कापतं. व्हॉट्सॲपवर फिरताना खालची ओळ गळून पडते, चित्र तेवढं पुढे जातं. सही आत असेल तर तुम्हीही सोबत जाता. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्र काढलं की त्याचा कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. तोच कायदा दुसऱ्यांच्या पात्रांनाही लागू आहे, त्यामुळे गाजलेली पात्रं उचलू नका. शेजारच्या काकूंवर गोष्ट सुचली तर चश्मा, साडी, घर सगळं बदला. त्या ओळखू येता कामा नयेत.

व्हॉट्सॲपवर स्वतः पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर अक्षरं पुसट होत नाहीत. पोस्टखाली विनोद समजावून सांगू नका. «तुमच्याकडे पाणी कोण टाकतं?» एवढं विचारा, लोक आपापल्या घरची गोष्ट सांगतात, आणि त्यातच पुढचे विषय मिळतात. किती लोकांनी बदाम दिला यापेक्षा किती जणांनी पुढे पाठवलं ते बघा. आठवड्याला एक, ठरलेल्या वारी, एवढी गती पुरेशी आहे. पण पहिलं टाकायच्या आधी हाताशी चार-पाच तयार असू द्या.

वीसेक कॉमिक जमली की दिवाळी अंकांकडे पाठवा. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे आणि व्यंगचित्रांना तिथे कायम मानाचं पान असतं. चित्रं दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नाही, पावसाळा संपायच्या आत संपादकांच्या हातात पडायला हवीत. छपाईला ३०० डीपीआय लागतं, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. २१६० पिक्सेलची चौकट त्या हिशेबाने १८ सेंटिमीटर छापली जाऊ शकते, म्हणजे मासिकाच्या पानाला ती पुरून उरते. अनेक अंकांची आतली पानं काळी-पांढरी असतात, तेव्हा रंग काढून एक प्रत वेगळी करा आणि निळी हवा करड्या रंगात दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर तिथे पदर उडतोय त्या दिशेने दोन-चार रेघा वाढवा. लेयरसकट मूळ फाइल यासाठीच जपून ठेवायची असते.